पिवळा हातमोजा

ड्रिल मशीनवर हातमोजे घालत नाहीत, हे फोटोग्राफरला तेव्हा ठाऊक नव्हतं. कंपनीच्या कॅलेंडरवर तेलकट हात बरे दिसणार नाहीत, म्हणून त्याने कामगाराला नवेकोरे पिवळे हातमोजे घालायला लावले.

"साहेब, अडकतील हो."

"एकच फोटो, दादा!"

उजवा अडकलाच. हात मनगटापासून गेला. चौकशीत फोटोग्राफरने तोंडातून ब्र काढला नाही. ठपका कामगारावरच आला.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात फोटो काढला, की त्यात तो पिवळा हातमोजा असायचाच. कधी पाइपवर, कधी खिडकीत. प्रत्यक्षात तिथे काहीच नसायचं. फोटोग्राफर तो फोटोतून पुसून टाकायचा. पण दर खेपेला हातमोजा कॅमेऱ्याच्या आणखी जवळ आलेला असायचा.

आज नव्या कारखान्यातल्या पहिल्या फोटोंत तो कुठेच दिसेना. फोटोग्राफरचा जीव भांड्यात पडला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि ड्रिलवाल्याला मशीन सुरू करायला सांगितलं.

ड्रिल गरगरू लागलं, तोच ड्रिलवाला ओरडला, "साहेब, हात मागे घ्या! हातमोजा घालून मशीनला हात लावतात का कुणी?"

फोटोग्राफरचे दोन्ही हात तर कॅमेऱ्यावर होते. निदान त्याला तसं वाटत होतं.