पायाचं माप

"हा जोडा कुणाच्या पायाचा?" मुतुकूनं विचारलं.

सोडो गावाच्या सभागृहात टेबलावर चौदा जोडे मांडले होते. तेरा चकचकीत, निमुळते. चौदावा मात्र सुपासारखा रुंद, पुढून पुरता उघडणारा, दोऱ्यांनी आवळायचा.

"माझी शेळी निजेल त्यात!" मागून एक कारागीर ओरडला. हशा पिकला.

मुतुकू हसला नाही. चार देशांनी मिळून छोट्या जोडेवाल्यांसाठी योजना काढली होती, आणि तिच्यातून हा म्हातारा उस्ताद केनियाहून शिकवायला आला होता. ज्याचं काम त्याला पटेल, त्याच्या दुकानात जाड कातडं शिवायचं यंत्र येणार होतं.

मार्कोसनं उत्तर घोकूनच ठेवलं होतं. "लांबच्या गावातली एक बाई आहे."

"मग तिला आण. कुणी घालून चालल्याशिवाय मी जोडा पास करत नाही. दुपारपर्यंत थांबतो."

मार्कोसनं चोरून पेत्रोसकडे पाहिलं. कारागिरांच्या संघाचा अध्यक्ष पेत्रोस समोरच बसला होता. त्याच्या मुलाशी, योनासशी, मार्कोसच्या बहिणीचं, आमारेचचं, लग्न ठरलं होतं. तीन आठवडे उरले होते.

लांबच्या गावात कुणी बाई नव्हती. जोडा आईचा, बालोतेचा होता. लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी राबून तिचे पाय खांबासारखे सुजले होते. लोक म्हणत, हे रक्तातच असतं, त्या घरची मुलगी करू नये. म्हणून अकरा वर्षं ती मागच्या खोलीत होती. पाहुणे आले की घरचे सांगत, आई मामाकडे गेलीय.

घरी येऊन मार्कोस म्हणाला, "राहू दे ते यंत्र."

आमारेचनं हातातली आरी खाली ठेवली. "जोडा कुणी शिवला, दादा?"

"आपण दोघांनी."

"मग दाखवायची लाज कसली? आई, ऊठ."

"तुझं लग्न होऊ दे गं," बालोते म्हणाली. "मग म्हणशील तिथं येईन."

"आधी दादाचं होऊ दे म्हणालीस. आता माझं. मग माझ्या मुलीचं होऊ दे म्हणशील. ऊठ."

भर बाजारातून तिघं निघाली. केळी विकणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या. कुणीतरी आपलं पोर जवळ ओढलं. बालोतेची नजर जमिनीवर होती. आमारेचची समोर.

सभागृहात मुतुकू तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. त्यानं शिवणीवरून बोटं फिरवली, टाचेपाशी दाबून पाहिलं. "कुठं टोचतंय का, आई?"

"पायाला नाही," बालोते म्हणाली.

पेत्रोस उठून निघून गेला. संध्याकाळच्या आत निरोप आला. लग्न मोडलं होतं.

यंत्र आलं. मार्कोसनं ते दुकानाच्या दारातच बसवलं. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. जुनी गिऱ्हाइकंही पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागली. मार्कोस यंत्र पुसायचा, पुन्हा पुसायचा. बालोते मात्र आता बाहेरच्या बाकावर बसायची, उन्हात, जोडे घालून.

नवव्या दिवशी योनास आला. मार्कोस उभा राहिला. आमारेच कातडं कापत होती, ती कापतच राहिली.

योनासनं मूठ उघडली. तळहातावर गाठी मारलेला दोरा होता.

"एक जोडा हवाय," तो म्हणाला. "ही पहिली गाठ घोट्याची. ही पंजाची."

मार्कोसनं दोरा ताणून पाहिला. घोट्याचा घेर बालोतेच्या पायापेक्षा चार बोटं जास्त होता.

"कुणाचा पाय?"

योनासनं रस्त्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या आईचा. बाबांना ठाऊक नाही मी आलोय ते. त्यांनी तिलाही घरात लपवून ठेवलंय. जोडा तयार झाला की मी गुपचूप घेऊन जाईन."

आमारेचनं कात्री ठेवली. भावाच्या हातातला दोरा घेतला आणि योनासच्या तळहातावर परत ठेवला.

"दोऱ्यावरून आम्ही जोडा करत नाही," ती म्हणाली. "त्यांना घेऊन ये. दिवसाउजेडी, बाजारातून. लागलं तर मी येते हात धरायला."