अब्दालीची बाजू

गेले त्याच्या आदल्या दिवशीही धोंडीराम अण्णांनी फोनवर पानिपतच्या लढाईचा पट उघडला आणि समोरच्या अनोळखी खेळाडूला रोजचाच निरोप धाडला, "जेवलास का बे, अब्दाल्या?" या ऑनलाइन खेळात मराठी माणूस अब्दालीची बाजू घ्यायला तयार होत नाही. हा एकच भेटला होता, कुरकुर न करता ती घेणारा. त्याच्या जिवावर अण्णा तेलगावात बसून पानिपत जिंकत होते.

तेराव्याला सत्यशीला आली. तिनं जातीबाहेर लग्न केल्यापासून अण्णा या लेकीशी एक शब्द बोलले नव्हते, म्हणून बायकांनी तिला दाराशीच बसवलं. मांडवात तिचा भाऊ हनुमान अण्णांचा अर्धा राहिलेला डाव त्यांच्याच फोनवर खेळत होता. तंबाखू मळलेलं बोट तो अण्णांच्या घोडदळावरून फिरवत होता. ते पाहून तिला शिसारी आली.

"पोटच्या लेकीला कधी इचारलं न्हाई, अन् याला रोज 'जेवलास का'!" हनुमान हसला.

"मराठी असून अब्दाली होतोय? असंल कोणी बिनलाजा," चुलतभाऊ म्हणाला.

"थांब, त्यालाच इचारतो." हनुमाननं अण्णांचा तोच प्रश्न पुन्हा पाठवला.

दाराशी, सत्यशीलाच्या पर्समधला फोन वाजला.



"फोन खाली ठेव," ती भावाला म्हणाली. मग हार घातलेल्या फोटोकडे वळून, इतकी वर्षं रोज नुसतं 'जेवलो' म्हणून टाइप केलेलं उत्तर ती पहिल्यांदा तोंडानं बोलली, "जेवले, अण्णा."