दिनानाथचं मशीन

अरे ऐका ना, गास गावाजवळच्या एका बिल्डिंगमधली गोष्ट आहे, लोडशेडिंगच्या दिवसांतली. दिनानाथ कामणच्या गोदामातून रात्रपाळी करून घरी आला तो सर्दीनं पार बेजार होऊन. झोपेत त्याचा श्वास अडकायचा, म्हणून डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा सोडणारं मशीन दिलेलं. "त्याच्याशिवाय झोपलात तर जिवावर बेतेल," अशी ताकीदच होती.

पण आज नाक चोंदलेलं. श्वासासाठी तोंड उघडायचं आणि सगळी हवा फसफस करत बाहेर! शेवटी त्याची बायको आशालता उपरणं घेऊन आली. तिनं ते हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली.

"अगं, मेलेल्याला बांधतात असं!" दिनानाथ दात मिटूनच हसला.

"काहीही बरळू नका हो. झोपा गुपचूप."

तो झोपला. मशीन छान लयीत चाललं. दुपारी दोनला लाइट गेली, पंखा थांबला.

मशीन चालूच राहिलं.

म्हणजे त्याचा दिवा विझलेला, तरी नळीतून श्वास येत-जात होता. आशालतानं प्लगच उपटला. तरी येत-जात होता! तेवढ्यात तिचं लक्ष दिनानाथच्या छातीकडे गेलं. छाती हलत नव्हती.

"अहो! अहो, उठा ना!" तिनं मास्क ओढून काढला. एका हातानं गाठ सुटेना. त्याचे ओठ घट्ट मिटलेले.

आणि तिच्या दुसऱ्या हातातला मास्क शिंकला, आणि चोंदलेल्या आवाजात म्हणाला, "आशा, पाणी दे."