दादीचे नाव

मुलगी पाच दिवसांची झाली तरी तिचे नाव ठरत नव्हते. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे नाव ठेवण्याचा विधी, व्हावयाचा होता, आणि सौदीतल्या जुबैलच्या त्या दोन खोल्यांत नदीम व तस्नीम या नवराबायकोचे एकमत म्हणून होईना. तस्नीमला मेहेक हवे होते. नदीमचे म्हणणे असे की, दर तिसऱ्या घरात मेहेक आहे. शाळेत एक हाक मारली की चौघी उभ्या राहतील.

नदीमची आई बदरुन्निसा नातीच्या अंगाला तेल चोळीत हे सर्व मुकाट्याने ऐकत असे. बाळंतपणाकरिता ती तीन महिन्यांच्या व्हिसावर गुहागरहून आली होती. या विषयात आपण तोंड उघडू नये, एवढे तिला उमगत होते. तिच्या स्वतःच्या नावाला जगाने जन्मभर नावेच ठेवली. सासरी तिची 'बदरू' झाली. मुंबईकर व्याह्यांच्या घरी तर पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. तस्नीम हसली नव्हती हे खरे. परंतु लग्नपत्रिकेत तिने सासूला 'मिसेस ताजुद्दीन' एवढ्यावरच भागवले होते.

सहाव्या दिवशी मादाम सोलांज बाळ पाहावयास आल्या. या फ्रेंच बाई नदीमच्या कंपनीत खरेदीखात्याच्या प्रमुख, आणि नदीम त्यांचा कारकून. अर्थात तोही आता थोड्याच दिवसांचा. सौदीकरणाच्या नियमाने त्याची खुर्ची एका सौदी पदवीधराकडे जावयाची होती, आणि ती कशी सांभाळावी हे नदीमच त्याला शिकवीत होता. पुढे अबकैकला एका ठेकेदाराकडे काम मिळाले होते; राहणे मात्र एकट्याने, कॅम्पात. इस्पितळाच्या लॅबमधली तस्नीमची नोकरी तेवढी शाबूत होती.

नावाचा घोळ कानी पडताच बाईंना हुरूप आला. त्या इंग्रजीत बोलत गेल्या आणि नदीम आईला अर्थ सांगत गेला. फ्रान्समध्ये म्हणे नुसत्या नावावरून माणसाचे घर ओळखता येते. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवरची अमेरिकन नावे कामगारांच्या वस्त्यांत शिरली, घरोघर केव्हिन आणि जेनिफर जन्मले. आता तो केव्हिन नोकरीचा अर्ज करतो, तेव्हा साहेब नाव वाचूनच ओठ मुडपतो. खानदानी माणसे मात्र पणजीच्या नावाकडे परतली : लुईज, अदेल, मार्गेरित. जे नाव मधल्या पिढीला जुनाट वाटले, तेच पणतीच्या अंगावर दागिन्यासारखे शोभते.

मग बाईंनी आजींचे नाव विचारले. नदीमने सांगितल्यावर त्यांनी ते सावकाश, तोडून तोडून उच्चारून पाहिले, आणि असले नाव घरात असताना तुम्ही बाजारात कशाला हिंडता, असे म्हणून त्या निघून गेल्या.

बदरुन्निसाला ती थट्टा वाटली. परंतु संध्याकाळी नदीम तिच्यापाशी येऊन बसला. तस्नीम दारात उभी राहिली.

“अम्मी, पोरीला तुझंच नाव ठेवायचं ठरवलंय.”

“त्या बाईनं सांगितलं म्हणून?”

“निमित्त बाईचं. मन आमचं.”

“आणि उद्या शाळेत हसले म्हणजे?”

तस्नीम म्हणाली, “तुमच्या नावाची आहे म्हटल्यावर तुम्हाला तिचा जास्तच लळा लागेल, अम्मी.”

त्या माउलीने डोळ्यांना पदर लावला. गुहागरला तिची वाट पाहणारे दाराचे कुलूप तेवढे होते. ताजुद्दीनला जाऊन सहा वर्षे झाली होती. आपण इथेच राहावे, ही इच्छा तिने ओठांवर कधी येऊ दिली नव्हती. पण नदीम अबकैकला जाणार, तस्नीमची रजा संपणार, मुलीजवळ मायेचे माणूस हवेच. 'राहा' असे तोंडाने कोणी म्हटले नव्हते हे खरे. परंतु ज्यांनी नाव उचलून घेतले ते माणूस टाकतील कसे, अशी तिने मनाची समजूत घातली.

त्या दिवसापासून ती नातीला पुऱ्या नावाने हाक मारू लागली. शेजारची श्रीवर्धनची शरीफा भिंतीपलीकडून चिडवी, “खाला, स्वतःलाच बोलावता काय?” ती हसे. तस्नीमने ड्यूटीसाठी बाळाला बाटलीची सवय लावली, तेव्हा बाटल्या उकळण्याचे काम बदरुन्निसाने स्वतःकडे घेतले. इकाम्याला, इथल्या रहिवासाच्या परवान्याला, लागतो म्हणून नदीमने बाळाचा पासपोर्ट घाईने करून घेतला. व्हिसाचे तिने एकदाच विचारले. मी बघतो, तू काळजी करू नकोस, असे तो म्हणाला, आणि तिच्या जिवात जीव आला.

मुदत संपण्यास पाच दिवस उरले असता सकाळी नदीमने तिच्या हाती दोन कागद ठेवले, सांभाळून ठेव म्हणाला, आणि चहा न घेताच कंपनीच्या बससाठी धावला.

बदरुन्निसा उर्दू शाळेत चौथी शिकलेली. इंग्रजीत तिला आपले नाव तेवढे ओळखता येई. विमानाचे चित्र तिने पाहिले, आणि दोन्ही कागदांवर आपले नाव पाहिले. तिने काय ते जाणले : एक जाण्याचे, एक येण्याचे. व्हिसा वाढविण्याकरिता लोकांना एकदा बाहेर जाऊन यावे लागते, हे तिने पुष्कळदा ऐकले होते. येताना कोकम आणावे, सुकट आणावी, कुळथाचे पीठ विसरू नये, असे मनाशी घोकीत ती नातीला खांद्यावर टाकून शरीफाकडे गेली. परत यावयाची तारीख कोणती, एवढेच तिला वाचून घ्यावयाचे होते.

शरीफाने कागद वाचले. मग पुन्हा वाचले.

“खाला, परतीचं तिकीट कुठाय?”

“तुझ्या हातात तर आहे.”

“हे परतीचं नाही.” शरीफा बाळाकडे पाहत राहिली. “तारीख तीच, विमान तेच. वरचं तुमचं. खालचं हिचं.”