रिकाम्या हॉलातला पाहुणा

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझी कवळी चारचौघात पडू दे.

शुक्रवारी दुपारी गोकुळनं डोळ्याला तो मोठा गॉगल लावला, अन् मिनिटभरात ओरबाडून काढला.

“आत कुणीतरी हाय,” तो बायकोला म्हणाला.

तनुजा मेथी निवडत होती. “असू द्या की. सहा वर्षं गिऱ्हाईकाचीच वाट बघत होता ना?”

“गिऱ्हाईक नाय गं. त्यानं मला सांडू म्हणलं.”

तनुजाचा हात थांबला.

गोकुळ शेंद्र्याला कंपनीत कामाला. मुकुंदवाडीत दोन खोल्या भाड्यानं. सहा वर्षांपूर्वी एका हुशार माणसानं त्याच्या डोक्यात भरवलं, की पुढं सगळी दुनिया गॉगलात शिरणार. लग्नं, बाजार, देवदर्शन, सगळं आतच. तवा इंटरनेटवरची नावं आत्ताच धरून ठेवा, दुकानाच्या पाटीसारखी. गोकुळनं चाळीस धरली, समद्यांच्या शेवटी व्हीआर, म्हंजी गॉगलातलं. लग्नव्हीआर, हुरडाव्हीआर, पाचोडबाजारव्हीआर. दरसाल पैसे भरायचे अन् नावं जिती ठेवायची.

लोक काय आले नाय. गॉगल महाग, घातला की गरगरतं. अन् पाचोडच्या बाजारात वांगं दाबून घेणारा माणूस गॉगलात काय दाबणार?

लग्नव्हीआरच्या नावावर त्यानं नमुन्याचा एक हॉल बी बांधून घेतला होता. गॉगल घालून जा नायतर साध्या मोबाइलवरून, आत बोलता यायचं. किती माणसं आत हायत त्याचा आकडा दारावर दिसायचा. त्याच्याबिगर सहा वर्षं शून्य.

तरी गडी हटंना. सोमवारी करमाडचं रान विकून अजून दोनशे नावं घेणार होता. बापानं मागं ठेवलेला तेवढाच तुकडा. तनुजाला तिथं घर बांधायचं होतं. ती भांडली, रडली, आठ दिवस अबोला धरला. गोकुळ म्हणायचा, “दोन वर्षं थांब, लोक येतेतच.”

सासू मनकर्णाबाई मधे पडायची नाय. मागच्या खोलीत कूलरच्या घरघरीत बसायची, तनुजानं दिलेल्या जुन्या मोबाइलच्या वायरी कानात घालून हरिपाठ ऐकत. फोन बी उलटा धरायची म्हातारी.

आता ते सांडू नाव. गोकुळच्या आधी मनकर्णाबाईची दोन पोरं बारशाच्या आत गेली. म्हणून तिसरं झालं तवा त्याला उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं, अन् नाव ठेवलं सांडू. टाकून दिलेलं पोर यमाला कशाला लागतंय? शाळेत घालताना गोकुळ झाला. बाप बद्रीनाथ तेवढा शेवटपर्यंत सांडूच म्हणायचा, आधी दोनदा खाकरून. आई ते नाव घ्यायची नाय. तिला उकिरडा आठवायचा.

बद्रीनाथ जाऊन चार वर्षं झाली होती.

शनिवारी गोकुळ घाम पुसत परत आत गेला. दारावर आकडा एक. आत दोनशे खुर्च्या, मांडव, झुंबर, माणूस नाय. कोपऱ्यातून कुणीतरी दोनदा खाकरलं.

“सांडू. बस की.” रांजणात तोंड घालून बोलल्यावानी आवाज. बाप्याचा का बाईचा, कळंना.

“को... कोण हाय?”

“लई मोकळं हाय रे इथं. जित्या माणसाला नको, मग आम्हीच आलो राह्यला.”

“आम्ही?”

“सोमवारी अजून दोनशे घेतो म्हणं. घे, घे. लासूरची मेलेली पाव्हणेमंडळी बी यायची म्हणतेत. मग जागा पुरायची नाय.”

गोकुळ तसाच मागच्या खोलीत पळाला. “आई! बापूचं दहावं-तेरावं समदं नीट झालं व्हतं ना?”

मनकर्णाबाईनं एका कानातली वायर काढली. “व्हय. दहाव्याचं पाणी करमाडच्या रानात पाजलं. का रे?”

“काय नाय.”

“मग ऐकू दे की.” वायर परत कानात.

रविवारी जायचं नाय असं त्यानं ठरवलं होतं. पण नाय गेलं तर तेच बाहेर येईल, ही धास्ती मोठी. भर बाराला गॉगल घातला.

खाकरणं झालं.

“तुझ्या दोघा थोरल्यांना नावंच नव्हती रे. बारशाआधी गेली लेकरं.” इथं आवाज जरा कापला. “तुझ्यापाशी लई नावं पडलीत, कुणी न वापरलेली. दोन दे त्यांना.”

गोकुळ मागं सरकायला लागला.

“अन् सोमवारी सही झाली की तू बी ये. तुझी खुर्ची पुसून ठेवलीय.”

गॉगल भिंतीवर आपटला. गोकुळला हुडहुडी भरली. मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन पडला, अन् सोमवारी उजाडताच रान घेणाऱ्या कडुबाला फोन लावला.

“रान विकायचं नाय.”

“आवं, पण आज रजिस्ट्री ना आपली?”

“वडील नको म्हणतेत.”

“वडील तर वारले ना तुमचे?”

“म्हणूनच तर.”

गॉगल त्यानं करमाडच्या जुन्या विहिरीत टाकला, वरून नारळ सोडला. नावांचे पैसे भरले नाय, तशी ती एकेक करून मेली. दोन तेवढी त्यानं ठेवलीत. दरसाल भरतो, कुणाला सांगत नाय. रानात घराचा पाया पडलाय. तनुजा विटांवर पाणी मारती अन् मधीच एकटी हसती.

शब्द न् शब्द खरा म्हणलं ना, तसा खराच हाय. एकच गोष्ट पदरची घातली. ते तीन दिवस मागच्या खोलीत, कानात वायरी घालून, मी काय हरिपाठ ऐकत नव्हते.