पाटीची मागची बाजू

अपिलाच्या सुनावणीत कंपनीच्या वकिलाने पाटी अधिकाऱ्यांच्या टेबलाला टेकवून उभी केली आणि पेंटरने नजर खाली वळवली.

पिवळी पाटी, काळी अक्षरं. जुन्या डेपोच्या जागेवर मेगा स्टोअर होणार, हरकत असल्यास कळवावी. नियम असा, की अशी पाटी जागेवर पुरता महिनाभर उभी हवी, तरच जमिनीचा वापर बदलायची परवानगी मिळते. परवानगी तीस तारखेला मिळाली होती. पाटी त्याच महिन्याच्या एक तारखेपासून उभी होती, असं वकील ठासून सांगत होता. गल्लीतल्या बावीस दुकानदारांचं म्हणणं, ती दिसली ती शेवटचे तीन-चार दिवस. पण न दिसलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून? अपील फेटाळलं गेलं, तर वर्षभरात बावीस दुकानांना कुलपं लागणार होती, आणि पहिलं कुलूप ताईच्या वह्या-पेनांच्या दुकानाला.

ताई म्हणजे पेंटरची थोरली बहीण आणि या अपिलाचा कणा. पाटी समोर हजर करा, हा अर्ज तिनेच दिला होता. आज पेंटरला ओढत आणून पहिल्या रांगेत बसवणारीही तीच. काम बुडतंय म्हणून तो कुरकुरला, पण ताईपुढे त्याची डाळ कधी शिजली होती?

ती पाटी त्यानेच रंगवली होती. एक अनोळखी माणूस आला, घाई आहे म्हणाला, कागद देऊन गेला. पेंटर आयुष्यभर अक्षरं बघत आला, मजकूर नाही. आपण काय रंगवलं ते गल्लीत बोभाटा झाल्यावर त्याला कळलं. तेव्हापासून तो मूग गिळून बसला होता. ताई सह्या घेत दारोदार फिरायची आणि तो तिच्या घरी चहाला जायचं टाळायचा.

अधिकारी कागद आवरायला लागले. ताई त्याच्याकडे बघतही नव्हती.

पेंटर उठला.

"साहेब, ती पाटी उलटी करून बघा. खाली, डाव्या कोपऱ्यात. मीच रंगवलीय ती."

ऑइल पेंटचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, म्हणून प्रत्येक हाताची तारीख तो पेन्सिलीने मागे लिहून ठेवायचा. वीस वर्षांची खोड. शिपायाने पाटी फिरवली. पहिला हात पंचवीस, दुसरा सव्वीस. महिना तोच. पाटी कंपनीच्याच गोदामातून आलेली, त्यामुळे मागाहून कुणी लिहिलं म्हणायचीही सोय नव्हती. अधिकाऱ्यांनी परवानगी तिथल्या तिथे रद्द केली.

बाहेर जिन्यात पेंटरने मान खाली घालून ताईची माफी मागितली.

"पाटी मी बघितली त्याच दिवशी तुझं अक्षर ओळखलं होतं," ताई म्हणाली. "तारखांची खोडही मला ठाऊक आहे. पण मी विचारलं असतं, तर तू बहिणीने पढवलेला साक्षीदार झाला असतास."

"आणि मी उठलोच नसतो तर?"

ताईने हातातली फायलींची पिशवी त्याच्याकडे दिली आणि पायऱ्या उतरायला लागली.

"अक्षर मीच गिरवून घेतलं होतं ना तुझ्याकडून? बाकीचंही मीच शिकवलंय."