तुमच्या पुढे किती?

"जे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं, त्याला रिकर्शन म्हणतात," चिऊ म्हणाली.

"म्हणजे काय गं?" आबांनी विचारलं.

"म्हणजे तेच, आबा. मला एवढंच पाठ आहे."

डोळ्यांच्या दवाखान्याची रांग जिना चढून वळणाआड नाहीशी झाली होती. आबा तळाच्या पायरीवर बसले होते. एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी, दुसऱ्याला मुळातच बेताचं दिसायचं. साडेदहा वाजले होते आणि दीड वाजता चिऊची कॉम्प्युटरची तोंडी परीक्षा होती. डॉक्टर एकेकाला दहा मिनिटं घेत होते. पुढे थोडी माणसं असली तर ठीक, फार असली तर आईला आत्ताच फोन करून ऑफिसातून बोलवायला हवं होतं. आबांना एकटं सोडून जाण्यात अर्थ नव्हता.

चिऊ वर जाऊन मोजून आली होती. जाताना अठरा भरले, येताना बावीस. कोण पेशंट आणि कोण सोबतीला आलेलं, काही पत्ता लागत नव्हता.

"हा तुझा लूप ना?" आबा म्हणाले.

"हो. एकेक करत मोजत जायचं."

"मग आता दुसरी रीत करून बघ. तू जागची हलू नकोस. पुढच्यांना फक्त विचार, तुमच्या पुढे किती?"

आबांनी जन्मभर मुलांना गणित शिकवलं होतं. त्यांचा हा आवाज चिऊच्या ओळखीचा होता. तिने पुढच्या काळ्या चष्म्यावाल्या काकांना विचारलं.

"मला काय ठाऊक? मी काय जनगणनेला आलोय?" काका म्हणाले.

"तुम्हीही तुमच्या पुढच्यांना हेच विचारा," आबा म्हणाले. "उत्तर आलं की त्यात स्वतःला मिळवा आणि आम्हाला सांगा."

"पण त्यांना तरी कुठे ठाऊक असणार?"

"ते त्यांच्या पुढच्यांना विचारतील."

"आणि ते?"

"तेही तेच."

काकांनी चष्मा वर करून आबांकडे पाहिलं, मग मान हलवत पुढे विचारलं. प्रश्न पायऱ्या चढत गेला. ज्याने विचारलं तो तसाच अर्धवट वळून उभा राहिला, वर कान लावून. चिऊला हसू यायला लागलं. इतकी माणसं ताटकळत होती आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मग ते वरून उतरू लागलं, प्रत्येक पायरीवर एकाने वाढत. "मी धरून सहा," काका म्हणाले.

"सहाच? मग तासाभरात सुटलो," चिऊ म्हणाली आणि फोन बाजूला ठेवला. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. "आबा, मघाशी मी अठरा मोजले होते."

"आणि बावीसही."

"सहा तर नव्हते ना! मग माझं चुकलं की यांचं?"

"दोन्ही रीती नीट केल्या तर उत्तर एकच यायला हवं," आबा म्हणाले. "प्रश्न कुठे अडला ते बघून ये."

तो जिन्याच्या वळणावर अडला होता. तिथे मांडीवर मूल घेऊन एक बाई बसली होती. तिच्या पुढच्या पायरीवर एक निळी कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या पुढे रांग तशीच वर गेली होती.

"शून्य तुम्ही सांगितलंत?" चिऊने विचारलं.

"मग काय सांगू? पिशवी ठेवून तो माणूस चहाला गेलाय. लक्ष ठेवा म्हणाला. आता पिशवीला विचारू का, तुमच्या पुढे किती म्हणून?"

चिऊ क्षणभर पिशवीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलून खांद्याला लावली, तिच्या जागी उभी राहिली आणि वरच्या माणसाच्या पाठीला हात लावला. "दादा, तुमच्या पुढे किती?"

पुन्हा प्रश्न चढला, थेट डॉक्टरांच्या दारापर्यंत, आणि उत्तर परत उतरलं. चिऊने त्यात पिशवीचा एक मिळवला आणि आकडा बाईला सांगितला. पिशवी पायरीवर ठेवून ती आकड्याच्या आधी खाली पोचली.

"मी धरून वीस," काका म्हणाले. "आता बदलणार नाही ना? मला पुन्हा वळायला लावू नका, मान अवघडलीय."

वीस माणसं, दहा-दहा मिनिटं. म्हणजे आबांचा नंबर यायलाच दोन वाजत आले असते. चिऊने आईला फोन लावला.

"काय म्हणाली?" थोड्या वेळाने आबांनी विचारलं.

"थांब म्हणाली. साहेबांना विचारते."

"आणि साहेब?"

चिऊने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. तीही आता अर्धवट वळूनच उभी होती.

"साहेब त्यांच्या साहेबांना विचारतायत," ती म्हणाली. "आबा, सगळ्यात वर माणूसच असेल ना? पिशवी नको."